करडईच्या तेलासाठी ‘यूव्ही’ बाटली घेताना नक्की काय मागावे?

करडईवाली:

नमस्कार. लातूर जिल्ह्यात आमचा लाकडी घाणा आहे. करडई, शेंगदाणा आणि तीळ अशी तीन तेले आम्ही काढतो, निवळू देतो आणि एक लिटरच्या पारदर्शक पेट बाटल्यांत भरून विकतो. गावात आणि लातूर शहरात माल पंधरा दिवसांत उठतो, त्यामुळे कधी तक्रार आली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात पुण्यातील एका दुकानात माल ठेवायला सुरुवात केली आणि तिथून पहिल्यांदा बाटल्या परत आल्या. दुकानाची दर्शनी बाजू काचेची आणि पश्चिमेकडे तोंड करून आहे. आमच्या बाटल्या त्या काचेलगतच्या फळीवर मांडलेल्या होत्या. दीड महिन्यात करडईच्या तेलाचा पिवळा रंग उतरला आणि झाकण उघडताच खवट वास येऊ लागला. त्याच दिवशी काढलेले तेच तेल आमच्या कोठीत पत्र्याच्या डब्यात होते, त्याला काहीही झाले नव्हते. तिळाच्या तेलाची एकही बाटली परत आली नाही, हेही सांगून ठेवते.

बाटल्या पुरवणाऱ्याला हे सांगितल्यावर त्याने दर बाटलीमागे दोन रुपये जास्त घेऊन ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ बाटल्या दिल्या. दिसायला त्या पहिल्यासारख्याच पारदर्शक आहेत. एक हजार घेतल्या, त्याच फळीवर ठेवल्या आणि निकाल तोच लागला. पुरवठादार म्हणतो की बाटलीत दोष नाही, तेलातच पाणी राहिले असेल. दोष खरोखर उन्हाचा आहे का, आणि असेल तर बाटली मागताना कोणत्या शब्दांत मागावी? तपकिरी बाटली सुचवली जाते, पण गिऱ्हाईक ती पाहून ‘हे खोकल्याचे औषध आहे का’ असे विचारते. पांढऱ्या एचडीपीई (जाड पॉलिथिनच्या) कॅनचाही विचार मनात आहे.

गुलाब_मावळ:

ताई, बाटल्यांतले मला फारसे कळत नाही, पण तुमची गफलत कुठे झाली हे ओळखीचे वाटले म्हणून लिहितो. आम्ही मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब करतो. छताचा २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असतो, म्हणजे तो कागद स्वतः उन्हात तीन वर्षे फाटत नाही. त्यातून अतिनील (यूव्ही) किरण आत येतात की नाही, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. लाल गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा काळ्या पडू लागल्या की आम्ही वेगळा, ‘यूव्ही ब्लॉकिंग’ कागद मागतो. दोन्हींचे भाव वेगळे आणि हमीपत्रही वेगळे असते. तुम्हाला बहुधा उन्हात न तडकणारी बाटली मिळाली आहे, तेल राखणारी नव्हे.

मास्टरबॅच_चाकण:

वरील प्रतिसाद अगदी बरोबर आहे आणि तो पॅकेजिंगमधील माणसाकडून न येता शेतकऱ्याकडून आला याची थोडी लाज वाटते. मी प्लास्टिकला रंग व इतर मिश्रणे देणाऱ्या मास्टरबॅचच्या धंद्यात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘यूव्ही’ या एकाच शब्दाखाली दोन निराळी कामे विकली जातात. पहिले काम प्लास्टिकला वाचवण्याचे. त्यासाठी वापरली जाणारी ‘हाल्स’ वर्गातील रसायने किरण जवळपास शोषतच नाहीत. किरणांमुळे प्लास्टिकच्या साखळ्या तुटून जे फ्री रॅडिकल, म्हणजे पुढची मोडतोड करणारे चंचल तुकडे, तयार होतात त्यांना ती निकामी करतात. खुर्च्या, क्रेट, शेडनेट यांसाठी ती उत्तम आहेत, पण किरण त्यांच्यातून सरळ आरपार जातात. दुसरे काम आतल्या मालाला वाचवण्याचे. त्यासाठी किरण भिंतीतच अडवावे लागतात, आणि ते करण्याचे मार्ग मोजके आहेत: बेंझोट्रायझोल किंवा बेंझोफिनोन वर्गातील शोषक, जे पारदर्शकता कायम ठेवतात, तपकिरी रंग, पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचा कार्बन ब्लॅक. पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाइपमध्ये भारतीय मानकानुसार सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो आणि ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याही याच कारणाने. टिकाऊ दुधाच्या काही पिशव्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून काळ्या असतात, तो काळा थर दुधासाठीच असतो.

आता पेटविषयी. अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन पट्टे मानतात. १०० ते २८० नॅनोमीटरचा सी पट्टा वातावरणातच अडतो, २८० ते ३१५ चा बी पट्टा थोडा खाली पोहोचतो आणि ३१५ ते ४०० चा ए पट्टा भरपूर पोहोचतो. साधे पेट सुमारे ३१५ च्या खालचे किरण स्वतःच अडवते आणि त्यापुढचे सोडते. दुकानाची साधी काचही जवळपास तेच करते. म्हणजे ‘काचेच्या आड आहे आणि शिवाय बाटलीत आहे’ असा जो दुहेरी दिलासा वाटतो तो फसवा आहे, कारण दोन्ही पहारेकरी एकाच दारावर उभे आहेत आणि ए पट्ट्याचे दार दोघांनीही उघडे टाकले आहे. शोषक घातलेले पारदर्शक पेट हे दार साधारण ३८० ते ३९० नॅनोमीटरपर्यंत बंद करते.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. हा शोषक बाटली फुगवताना घालता येत नाही. प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची ती जाड नळी, ओतली जाते तेव्हाच तो मिसळावा लागतो. तुमचा पुरवठादार तयार प्रीफॉर्म विकत आणून फक्त फुगवत असेल, तर त्याने ‘मी घातले’ म्हणण्याला अर्थ नाही. प्रीफॉर्म कोणाकडून घेतले आणि त्यात कोणता शोषक किती टक्के आहे, हे त्याच्याकडून लेखी मागा. त्याहून चांगले म्हणजे बाटलीच्या भिंतीतून कोणत्या तरंगलांबीला किती टक्के प्रकाश आरपार जातो याचा आलेख मागा. ज्याच्याकडे तो आलेख नाही, त्याच्याकडे ‘यूव्ही’ हा फक्त शब्द आहे.

तेलातल्या पाण्याविषयी तो म्हणतो ते मला पटत नाही. पाणी राहिले असते तर कोठीतला डबाही बिघडला असता.

वेर्णे_निवृत्त:

मी गोव्यात वेर्णे येथील औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात होतो. ‘आलेख मागा’ या सल्ल्याला औषधांच्या जगातील एक आकडा जोडतो. अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे तिथल्या औषधांच्या मानकग्रंथात, प्रकाशापासून संरक्षण देणाऱ्या डब्या-बाटल्यांची कसोटी अशी आहे की, तोंडावाटे घ्यायच्या किंवा त्वचेवर लावायच्या औषधाच्या बाटलीतून २९० ते ४५० नॅनोमीटर या संपूर्ण टप्प्यात कुठेही दहा टक्क्यांपेक्षा जास्त प्रकाश आरपार जाता कामा नये. ही कसोटी ४०० वर थांबत नाही, ४५० पर्यंत जाते, म्हणजे जांभळा आणि बराचसा निळा दृश्य प्रकाशही त्यात धरला आहे. तपकिरी बाटली साधारणपणे या कसोटीला उतरते. शोषक घातलेली पारदर्शक बाटली उतरू शकत नाही, कारण निळा अडवायचा म्हटला की बाटली पिवळी-तपकिरी दिसणारच. खोकल्याच्या औषधाची बाटली तशी का दिसते, याचे उत्तर एवढेच आहे.

प्रयोगशाळेशिवाय करता येण्यासारखी एक ढोबळ परीक्षा सांगतो. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या. नोटा तपासण्यासाठी जी स्वस्त टॉर्च मिळते ती पुष्कळदा ३९५ ची असते. तिच्याने शोषकाची परीक्षा होत नाही, कारण शोषक त्याआधीच हात टेकतो. बाटलीच्या सपाट भागाचा एक तुकडा कात्रीने कापा. अंधाऱ्या खोलीत नोट टेबलावर ठेवा आणि तिच्यावर टॉर्च धरा: क्रमांकाचे आकडे आणि कागदातले बारीक तंतू चमकू लागतील. आता तो तुकडा टॉर्चच्या तोंडासमोर धरा, पण नोटेकडे तुकड्यातून न पाहता बाजूने पाहा, नाहीतर तुकड्याचा रंगच तुम्हाला फसवील. चमक टिकली तर ए पट्टा आत येतो, विझली तर अडतो. टॉर्चकडे थेट पाहू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका.

किराणा_कोल्हापूर:

दुकानदाराची बाजूही मांडतो. दर्शनी फळीवर माल आम्ही मुद्दाम लावतो, कारण तेलाचा रंग दिसला की तेल विकले जाते. त्या फळीवर ऊन येते हे माहीत असूनही लावतो. खोक्यात माल दिला तर आम्ही खोका फोडून बाटल्या बाहेरच मांडणार. त्यामुळे ‘सावलीत ठेवावे’ ही लेबलवरची ओळ कोणी वाचेल या भरवशावर राहू नका. माझ्याकडील एका उत्पादकाने बाटलीच्या तीन बाजू झाकणारे मोठे लेबल लावले आणि मागच्या बाजूला बोटभर उभी पट्टी मोकळी ठेवली. गिऱ्हाईक बाटली फिरवून तेल पाहते आणि समाधानी होते.

माझी एक शंका आहे. माझ्या दुकानात ऊन येत नाही, फक्त एलईडी दिवे आहेत. मग तिथे यूव्ही बाटलीची गरज आहे का?

अन्नरसायन:

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण या चर्चेत सगळेजण अतिनील किरणांवर नजर लावून बसले आहेत आणि अर्धा चोर दुसऱ्या दाराने येत आहे.

दुकानातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यातून अतिनील किरण जवळजवळ येतच नाहीत. मात्र त्या दिव्याचा पांढरा प्रकाश मुळात निळ्या दिव्यावर पिवळा लेप देऊन बनवलेला असतो, आणि त्या निळ्याचे टोक ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते. घाण्याच्या तेलात रिफाइंड तेलाप्रमाणे सगळे काढून टाकलेले नसते. त्यात हरितद्रव्याचा अंश राहतो. हरितद्रव्य निळा आणि लाल दृश्य प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा तेलात विरघळलेल्या ऑक्सिजनला देऊन टाकते. अशा उत्तेजित ऑक्सिजनला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात, आणि लिनोलिक आम्लाशी, म्हणजे तेलातील चटकन खवट होणाऱ्या एका मेदाम्लाशी, त्याची अभिक्रिया साध्या ऑक्सिजनपेक्षा हजार पटींहून अधिक वेगाने होते. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात हे लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांहून जास्त असते. तिळात ते बरेच कमी असते आणि शिवाय सेसमॉलसारखी, तेल राखणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. ताईंची तिळाची एकही बाटली परत का आली नाही, हे यावरून उलगडते. त्यांनी ती बारीकशी नोंद दिली नसती तर निदान इतके सोपे झाले नसते.

याचा अर्थ असा की, फक्त यूव्ही अडवणारी पारदर्शक बाटली रंगीत शांपू किंवा सरबतासाठी पुष्कळदा पुरते, पण घाण्याच्या करडई तेलासाठी ती निम्मेच काम करील. एलईडीच्या दुकानात तर तिचा उपयोग जवळपास शून्य, आणि तपकिरी बाटलीचा उपयोग तिथेही होईल. दुधातही हाच प्रकार आहे: त्यातील रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) ३७० च्या आसपास प्रकाश शोषते तसेच ४५० च्या आसपासही शोषते, म्हणून पारदर्शक बाटलीतले दूध ट्यूबलाइटखालीसुद्धा बेचव होते.

तरीही दोष उन्हाच्या प्रकाशाचा की उन्हाच्या तापण्याचा, हे आधी सिद्ध करून घ्यावे असे मी सुचवीन. त्यासाठी एकाच दिवशी भरलेल्या चार बाटल्या पुरतात: साधी, तुमची ‘स्टॅबिलाइज्ड’, तपकिरी, आणि साधीच पण स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेली. चारही एकाच खिडकीत ठेवाव्यात. फॉइलमधली बाटलीही शेजारच्यांच्या जवळपास तापेलच, पण तिला प्रकाश मिळणार नाही. ती चांगली राहिली आणि साधी बिघडली, तर गुन्हेगार प्रकाशच. चार आठवड्यांनी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल किती खवटू लागले ते सांगणारा आकडा, काढून घ्यावे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात घाण्याच्या, म्हणजे रिफाइंड न केलेल्या तेलांसाठी त्याची कमाल मर्यादा किलोला १५ मिलिइक्विव्हॅलंट सक्रिय ऑक्सिजन अशी आहे. फार जुन्या, आधीच बिघडलेल्या तेलात हा आकडा पुन्हा खाली येतो, हे ध्यानात ठेवून पहिल्या दिवशीचा आकडाही काढावा.

पांढऱ्या एचडीपीई कॅनबद्दल: टायटॅनियम डायऑक्साइडमुळे यूव्ही उत्तम अडेल, पण पांढऱ्यातून दृश्य प्रकाश थोडा झिरपतो, आणि एचडीपीईतून ऑक्सिजन पेटपेक्षा कितीतरी पट जास्त आत येतो. एक लिटरसाठी तो बदल मी करणार नाही.

करडईवाली:

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण चार बाटल्यांचा प्रयोग करूनच उत्तर द्यावे असे ठरवले होते.

आधी नोटेची परीक्षा केली. कोठीचे दार लावून, पाचशेची नोट पोत्यावर ठेवून टॉर्च धरली. साध्या बाटलीचा तुकडा मध्ये धरला तरी आकडे चमकत राहिले. दोन रुपये जास्त देऊन घेतलेल्या बाटलीचा तुकडा धरला, तरी तेवढेच चमकले. मुलाने दोन्ही तुकडे उलटसुलट करून मला ओळखायला लावले आणि मला ओळखता आले नाहीत. तपकिरी तुकडा धरल्याबरोबर आकडे विझले. पुरवठादाराला दुकानात बोलावून हेच दाखवले. तो बराच वेळ तुकडा हातात फिरवत राहिला आणि मग म्हणाला की त्याच्याकडे प्रीफॉर्म बाहेरून येतात, त्यात काय असते ते त्यालाही ठाऊक नाही. चाकणच्या सरांनी लिहिले होते तसेच झाले.

बाटल्या आमच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात साधी आणि ‘स्टॅबिलाइज्ड’ या दोन्हींचा रंग फिका झाला. चौथ्या आठवड्यात सासूबाईंना न सांगता चारही बाटल्यांतले चमचाभर तेल वाट्यांत घालून वास घ्यायला दिले. त्यांनी त्या दोन वाट्या बाजूला सारल्या, फॉइलमधील तेल ‘आजचे’ म्हणाल्या, आणि तपकिरीतल्याबद्दल थोडे थांबून ‘चालेल, पण पहिल्यासारखे नाही’ असे म्हणाल्या. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला. त्यातला क्रम सासूबाईंच्या क्रमासारखाच होता, आणि साधी व ‘स्टॅबिलाइज्ड’ या दोन्ही बाटल्या १५ च्या वर गेल्या होत्या.

करडईसाठी तपकिरी बाटली आणि कोल्हापूरच्या दादांनी सांगितलेले तीन बाजूंचे लेबल, असे दोन्ही करायचे ठरवले आहे. तीळ आणि शेंगदाणा सध्या पारदर्शक बाटलीतच, पण मोठ्या लेबलसह. आता एकच विचारायचे राहिले आहे: तपकिरी रंग किंवा तो शोषक तेलात उतरत नाही ना? तेल तर सगळे ओढून घेते.

मास्टरबॅच_चाकण:

रास्त शंका आहे. बेंझोट्रायझोल वर्गातील पुष्कळ शोषक चरबीत विरघळणारे आहेत, आणि त्यांपैकी यूव्ही-३२८ हा तर मे २०२३ मध्ये घातक, टिकाऊ रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेला, कारण तो निसर्गात टिकून राहतो आणि प्राण्यांच्या शरीरात साठतो. पेटची घडण घट्ट असल्याने त्यातून अशी द्रव्ये पॉलिथिनपेक्षा खूपच हळू सरकतात, पण ‘हळू’ या शब्दावर विसंबू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार बाटलीतून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. पुरवठादाराकडून दोन कागद घ्या: रंगद्रव्य आयएस (भारतीय मानक) ९८३३ च्या यादीतील असल्याचे पत्र, आणि आयएस ९८४५ नुसार केलेल्या चाचणीचा अहवाल. अहवालात तेलासाठीचा द्रावक, म्हणजे हेप्टेन, वापरला आहे की नाही हे नीट पाहा. पुष्कळदा पाण्याच्या बाटलीचा अहवाल तेलवाल्याला चिकटवला जातो आणि त्यात फक्त पाण्यावरची चाचणी असते. अहवाल तपकिरी बाटलीचाच हवा, पारदर्शकचा चालणार नाही.

अन्नरसायन:

सासूबाईंनी तपकिरीतल्या तेलाबद्दल जे सांगितले तिकडे दुर्लक्ष करू नका. पश्चिमेच्या थेट उन्हात तपकिरी बाटलीतूनही लाल प्रकाश आत जातो आणि हरितद्रव्य तोही शोषते. शिवाय पेटमधून ऑक्सिजन थोडाथोडा येतच राहतो. बाटली मानेपर्यंत भरा, झाकणाखाली हवा कमीत कमी राहू द्या, आणि करडईच्या बाटलीवर ‘वापरण्यास उत्तम’ तारीख तीन महिन्यांपेक्षा लांबची टाकू नका. निवळून झाल्यावर भरेपर्यंत तेल कशात ठेवता?

करडईवाली:

स्टीलच्या टाकीत. वरून सुती कापड बांधते. टाकी खिडकीखाली आहे, हे तुमचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आले. उद्या हलवते आणि झाकण करून घेते.